साफ पाण्याचे दिवस

आमची शैला आजारी पडत होती, त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद होता. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली. पण आजारी मुलांच्या ज्या आईवडिलांसाठी मी हे लिहितो आहे, त्यांना सगळ्यात आधी हेच सांगायला हवं.

शैला तेव्हा पाच वर्षांची होती. जन्मापासून काटकुळी. तिची आजी, म्हणजे माझी आई, तिला "सुका बोंबील" म्हणायची. तर त्या वर्षी पाऊस संपता संपता हा सुका बोंबील भरायला लागला. आधी गाल आले, मग मनगटावरचं हाड दिसेनासं झालं. सकाळी उठली की तिचे डोळे इतके गुबगुबीत असायचे की ते उघडायलाच तिला वेळ लागायचा, आणि आम्ही हसायचो.

"बाबू, बघ रे बघ," आई मला हाका मारायची. "पोरीनं बाळसं धरलं. पाच वर्षांनी धरलं, पण धरलं!"

आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. तिनं आजूबाजूच्या सगळ्या कोळणींना नात दाखवली. कोणी तिच्या गालाला हात लावून बोटं मोडली, कोणी तिच्या हातावर पेढा ठेवला. माझी बायको सुनंदा हिनं शैलासाठी दोन नवे फ्रॉक शिवले, कारण जुने पोटावर घट्ट व्हायला लागले होते. दुसरा फ्रॉकही आठ दिवसांत घट्ट झाला. तेव्हाही आम्हाला आनंदच झाला.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. मलाही आनंदच झाला.

आमची जागा

आम्ही मूळचे दांडीचे, मच्छीमार. वडिलांची होडी होती, दोन भाऊ अजून समुद्रावर जातात. मला होडीत बसलं की ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून मी शाळेत टिकलो, बी.एस्सी. झालो आणि बोईसरच्या एका हायस्कुलात नोकरीला लागलो. तेव्हा बोईसरला कारखाने नवे नवे येत होते. वसाहतीच्या कडेला कमरेएवढ्या गवतात दहा खोल्यांची एक चाळ उभी राहिली, आणि तिच्यात राहायला गेलेलं आमचं बिऱ्हाड तिसरं. पाणी टँकरचं. साप आठवड्याला एक. मागच्या दारातून पाहिलं की गवत, गवताच्या पलीकडे अर्धवट बांधलेल्या भिंती आणि एक धुराडं. घराण्यात समुद्राकडे पाठ करून राहायला गेलेला मी पहिला. "नातीपायी आले," म्हणत आईही आली, पण पहाटेच्या एसटीनं दांडीला जाऊन मासळी आणणं तिनं सोडलं नाही.

शेजारच्या खोलीत तिवारी नावाचे उत्तर प्रदेशातले एक गृहस्थ एकटे राहायचे. कारखान्यात बॉयलरवर होते. घरच्या मुलांची आठवण यायची म्हणून शैलाला खांद्यावर घेऊन फिरायचे. पहिली शंका त्यांनाच आली. एक दिवस तिला खाली उतरवताना म्हणाले, "मास्टरजी, बच्ची भारी नहीं हुई, फूली है. गाँव में ऐसा देखा है मैंने. डॉक्टर को दिखाइए."

आई त्यांच्यावर अशी भडकली की दोन दिवस तिनं त्यांना मासळी दिली नाही.

अंगठ्याचा खड्डा

पालघरला मुलांचे एक डॉक्टर होते. तरुण, कमी बोलणारे. त्यांनी शैलाला टेबलावर बसवलं आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. मग अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला.

मी तो खड्डा बघत होतो. आता भरेल, आता भरेल. भरला नाही.

डॉक्टरांनी तिला वाटीत लघवी करायला लावली, ती एका काचेच्या नळीत ओतली आणि नळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. पाणी उकळायला लागलं आणि बघता बघता पांढरं झालं. अंड्याचा बलक सोडून उरलेलं पांढरं शिजतं ना, तसं घट्ट. ही तपासणी मी पुस्तकात शिकलो होतो. वर्गात शिकवलीही होती. उत्तर मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

"मूत्रपिंडाचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "अंगातलं सत्त्व लघवीतून वाहून जातंय आणि अंगात पाणी साचतंय. बरं होण्यासारखं आहे. पण पुन्हा पुन्हा उलटतो. धीर धरावा लागेल."

बाहेरच्या बाकावर आई बसली होती. तिला सांगितलं, "बाळसं नाही, सूज आहे." तिनं शैलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. याच हातांनी नातीला उचलून ती बाजारभर गाल दाखवत फिरली होती. "मीच नजर लावली गं," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला. शैला तिला विचारत होती, "आजी, मग पेढे परत द्यायचे का?"

आई, सुनंदा आणि मी, आम्ही तिघंही हसलो. त्या बाकावर, त्या क्षणी. लोक बघत होते.

खाटांमधली शर्यत

डॉक्टरांनी आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे तीन आठवडे. मुलाजवळ एकाच माणसाला राहू देत, म्हणून सुनंदा खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि मी शाळा सांभाळून एक दिवसाआड जायचो.

इस्पितळ म्हटलं की लोकांना काळोख आठवतो. मला तो वॉर्ड आठवतो तो गोंगाटाचा. तशाच सुजलेल्या तोंडाची नऊ मुलं. सगळी भावंडंच वाटायची. रोज सकाळी वजन, मग प्रत्येकाच्या नावाची बाटली, मग सिस्टर दिवा पेटवायच्या. नऊ नळ्या ओळीनं. मुलं खाटांवरून उतरून टेबलाभोवती कोंडाळं करायची.

"माझी बघा सिस्टर, माझी!"

"दही झालं, दही झालं! महेशचं आज पण दही!"

"तुझं काय, ताक आहे!"

घट्ट झालं तर दही, गढूळ झालं तर ताक, जरासं धुरकट झालं तर धूर. आणि काहीच झालं नाही, उकळूनही पाणी पाण्यासारखं राहिलं, तर "साफ". साफ आलेल्या मुलासाठी सगळा वॉर्ड टाळ्या वाजवायचा. ज्यांचं दही झालेलं असे, तीही.

गोळ्या सुरू झाल्या. छोट्या, पांढऱ्या, कडू. सुरुवातीला दिवसाला आठ. पहिले दहा दिवस शैलाचं दही ते दहीच. अकराव्या दिवशी ताक. तेराव्या दिवशी मी तिथे होतो. सिस्टरनी नळी धरली, पाणी उकळलं, फेस वर आला, बसला. आम्ही सगळे श्वास धरून. नळीपलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. खिडकीतला कावळासुद्धा दिसत होता.

"साफ!" शैला ओरडली. "आई, साफ! पप्पा, मी साफ!"

टाळ्यांनी शेजारच्या वॉर्डातली माणसं धावत आली. सुनंदा खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. मी मूळचा परक्यांशी न बोलणारा माणूस. पण त्या दिवशी इस्पितळाच्या फाटकाशी शेंगदाणे विकणाऱ्या अनोळखी माणसाला मी सांगितलं, "माझ्या मुलीचं पाणी साफ आलं." त्यानं मूठभर दाणे जास्त घातले. त्याला काय समजलं कोण जाणे.

चार दिवसांत अंगावरचं पाणी उतरलं. खालून आमचा जुना सुका बोंबील बाहेर आला. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती.

सकाळचे सहा

घरी रोज तपासणी करायला सिस्टरनी मला शिकवलं. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना स्पिरिटचा दिवा मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला. दोन नळ्या, एक लाकडी चिमटा, एक ड्रॉपर, एक वही. वहीत तारीख आणि पुढे एक शब्द: साफ, धूर, ताक, दही.

चाळीत आता सगळ्या खोल्या भरल्या होत्या. सकाळी सहाला मी दारात बसून दिवा पेटवला की लोक जमायचे. दात घासता घासता, टँकरच्या रांगेतून, ड्यूटीवर जाता जाता. तिवारीजी डबा हातात घेऊन उभेच. "क्या रिज़ल्ट आया, मास्टरजी? पास कि फेल?"

"पास!" शैला ओरडायची. मग तिवारीजी डब्यावर ताल धरायचे, आणि ती नाचत आत पळायची.

कोणी म्हणेल, मुलीच्या लघवीची ही काय जत्रा. पण मला त्या सकाळींचं देणं आहे. भीती एकट्यानं बघावी लागली असती, ती दहा बिऱ्हाडांनी बघितली. माझ्या वाचकांना मी सांगेन की लपवू नका. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि टाळ्या वाजवायला माणसं लागतात.

आईसमोर दुसरीच अडचण होती. मीठ बंद. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या मासळीला मीठ चोळलं, त्या घरात अळणी जेवण! पहिल्या दिवशी शैलानं कालवणाचा घास बाहेर काढला आणि आजीला म्हणाली, "आजी, तू विसरलीस." आईनं मग हट्टच धरला. कैरी घालून बघितली, चिंच घालून बघितली, लसूण भाजून घातला, ओलं खोबरं वाढवलं. आम्हीही तेच खायचं, तिच्या देखत मिठाचा डबा काढायचा नाही. एका दुपारी शैला बांगड्याचं डोकं चोखत म्हणाली, "आज बरोब्बर झालं," आणि आईनं स्टोव्हपुढे बसून दोन्ही हातांनी मांड्यांवर थाप मारली. "जमलं रे बाबू! मिठाबिगर जमलं!"

पण बाजारातून आली की आईच्या हातांना सुक्या मासळीचा वास असायचा. शैला ते हात नाकाशी धरून बसायची. आई हात काढून घ्यायची नाही. "वासात मीठ नसतं ना रे?" एकदा तिनं मला खरंच विचारलं.

आजार दोनदा उलटला. दोन्ही वेळा साधं पडसं निमित्त झालं. एका सकाळी जरासा धूर, दुसऱ्या सकाळी ताक, तिसऱ्या सकाळी दही. पुन्हा आठ गोळ्या. पुन्हा चंद्रासारखा गोल चेहरा, पुन्हा चिडचिड, भूक. सुनंदा त्या दिवसांत बोलायची नाही, नुसती कामं करायची. माझं तिच्याशी भांडण व्हायचं ते फालतू गोष्टींवरून. दाराची कडी, स्टोव्हची पिन. आजारावरून आम्ही कधी भांडलो नाही. कदाचित भांडायला हवं होतं.

आणि दोन्ही वेळा पाणी परत साफ झालं. दुसऱ्या वेळी तर ओळीनं बावीस दिवस साफ. गोळ्या आठावरून तीनवर आल्या. शैला सहा वर्षांची झाली, पहिलीत गेली, माझ्याच सायकलच्या दांड्यावर बसून. पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते "आज पाणी साफ आहे." तिच्या बाईंना वाटलं, टँकरबद्दल असेल.

पाहुणी

तेविसाव्या दिवशी, बुधवारी, तिच्या पाठीवर तीन फोड दिसले. संध्याकाळपर्यंत पोटभर झाले. चाळीत आधीच दोन मुलांना कांजिण्या येऊन गेल्या होत्या.

आमच्या दांडीकडे कांजिण्या म्हणजे आजार नव्हे. देवी अंगावर येते, पाहुणी म्हणून. सात दिवस राहते. तेवढे दिवस घरात फोडणी नाही, मासळी नाही, कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, मुलाच्या अंथरुणावर कडुनिंबाचा पाला. आणि औषध नाही. देवी घरात असताना औषध दिलं तर तिला घालवल्यासारखं होतं, ती रागावते, असं मानतात. मी लहान असताना मला कांजिण्या आल्या, भावांना आल्या. आम्ही असेच सात दिवस पाल्यावर पडून राहिलो आणि बरे झालो. गावातली सगळी मुलं अशीच बरी झाली.

आईनं बाजार बंद केला, पाला आणला. मग गोळ्यांच्या बाटलीकडे बघून म्हणाली, "बाबू, सात दिवस ही नको."

मी वही पाहिली. बावीस वेळा "साफ" लिहिलं होतं. मला वाटलं, पाणी साफ आहे, तर सात दिवसांनी काय बिघडतं? हे मला आईनं सांगितलं नाही. हे माझं स्वतःचं, शिकलेल्या माणसाचं गणित होतं. आईचं मन राहील आणि धोकाही नाही. मी बाटली उचलली आणि वरच्या फळीवर, माझ्या पुस्तकांच्या मागे ठेवली.

सुनंदा दारात उभी होती. ती एडवणची. तिच्या माहेरीही हेच पाळतात. पण तीन आठवडे खाटेखाली झोपून तिनं तो आजार जवळून बघितला होता. "अहो, डॉक्टरांना विचारून या ना," ती म्हणाली. "पालघर काय लांब आहे?"

"सोमवारी जातो," मी म्हणालो. शाळेत चाचणी परीक्षा चालू होती.

"बाय, देवीसमोर औषधाचं नाव नको काढू," आई तिला हळूच म्हणाली. सुनंदा गप्प झाली.

गुरुवारी शैला खाजवत, हसत होती. शुक्रवारी पडून राहिली. पाणी मी तपासत होतो. देवीला दिव्याची हरकत नव्हती. गुरुवारी साफ. शुक्रवारी साफ. शनिवारीही साफ. मी मोठ्या उत्साहानं लिहीत होतो. चुकीच्या जागी बघत होतो, हे मला कोण सांगणार?

रविवार

रविवारी सकाळी ती ओकली. मग अंग गार पडायला लागलं आणि हाक मारली तर "हं" एवढंच म्हणे. तिवारीजींनी कारखान्याचा टेम्पो आणला. आई टेम्पोत बसताना कडुनिंबाची डहाळी हातात घट्ट धरून होती.

पालघरच्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि सलाईन लावता लावता विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

मी उभा होतो. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

"बुधवारपासून बंद आहेत," सुनंदा म्हणाली. "यांनी वर ठेवल्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे. त्यांनी इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, गाडी मागवली. मुंबईच्या इस्पितळात सोमवारी सकाळी शैला गेली.

पुढे एकदा मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, या गोळ्या फार दिवस घेतल्या की शरीर त्यांच्यावर विसंबतं, एकदम बंद केल्या तर कोसळतं. "बंद करायच्या नव्हत्या. पण या मुलांना कांजिण्या तशाही फार जड जातात. गोळ्या चालू असत्या तर वाचलीच असती, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. वाचली नसती, असंही सांगू शकत नाही." मी त्यांच्याकडून दोन्हींपैकी एक वाक्य मागायला गेलो होतो. त्यांनी दिलं नाही. त्यांचं बरोबर होतं.

नंतर

तिला दांडीला नेलं. आमच्या भावकीतल्या होड्या त्या दिवशी समुद्रात गेल्या नाहीत.

सुनंदा तिथूनच एडवणला माहेरी गेली आणि दोन महिने आली नाही. आई बाजारात जाईना. मी शाळेत जायचो, शिकवायचो, यायचो. आई आणि मी जेवताना समोरासमोर बसायचो. मीठ परत सुरू झालं होतं. दोघंही कमी घ्यायचो.

दुःखाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. दुःखात माणूस मंद होतो असं ऐकलं होतं. माझं उलटं झालं. रोज सकाळी सहाला मला धडधडून जाग यायची. छातीत तोच उत्साह: आज काय? साफ की धूर? मी उठून बसायचो, हात दिव्याकडे जायचा, आणि मग कळायचं. शरीराला सांगायला कोणी गेलंच नव्हतं. ते बिचारं कित्येक महिने रोज नव्यानं आनंदानं उठत होतं. तुमचं असं झालं तर घाबरू नका. तुम्ही वेडे झालेले नाही.

सुनंदा परत आली ती एका रविवारी, न कळवता. पिशवी ठेवली आणि स्टोव्ह पेटवला. बोलणं कामापुरतं. आईशी तेवढंही नाही. बुधवारच्या त्या संध्याकाळचा विषय तिघांनीही काढला नाही. आपण तिघं असेच या खोलीत म्हातारे होणार, असं मला वाटायचं.

कमल

वर्षभरानं एका दुपारी दारात एक बाई आली. पंचविशीची असेल, कडेवर चार वर्षांचा मुलगा. बेटेगावची, नाव कमल. मुलाचे गाल मी पाहिले आणि मला ती कशासाठी आली ते कळलं.

"पालघरच्या डाक्टरांनी धाडलं," ती म्हणाली. "बोलले, मास्तरांकडं जा, नळीत बघायचं शिकवतील. रोज बघायचं हाय म्हने."

मला नाही म्हणायचं होतं. पण मुलगा कडेवरून उतरला आणि सरळ आत गेला. आई त्याच्याकडे एकटक बघत होती. सुनंदा स्टोव्हजवळ होती, वळली नाही.

मी सगळं सामान काढलं. शिकवायला लागलो की मला धीर येतो. नळी किती भरायची, ज्योतीवर कशी तिरकी धरायची, तोंड आपल्याकडे करायचं नाही. कमल हुशार होती, दुसऱ्या वेळी तिनं स्वतः केलं. मुलाचं पाणी धुरकट होतं. "काल डाक्टरांकडं बघितलं त्यापरीस बरं हाय," ती उजळून म्हणाली, आणि मलाही, खरं सांगतो, आतून उसळी आली.

मग मी पुस्तकातल्यासारखं बोलू लागलो. मीठ नाही. पडशाला जपायचं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नयेत.

"तेच विचारायचं व्हतं," कमल म्हणाली. "आमच्या आळीत कांजिण्या चालू हायेत. सासूबाय बोलते, याला आल्या तर गोळ्या नाय द्यायच्या. देवीचं असतं. मी काय करू, मास्तर?"

मी दिवा विझवला. "ते असं आहे," म्हणालो. आणि पुढे काही येईना. पहिलीपासून मी शब्दांवर जगलेला माणूस.

"आमी बंद केल्या," आई म्हणाली.

कमल वळली.

"आमच्या पोरीला हाच आजार. कांजिण्या आल्या, मी बोलले बंद कर. सहाव्या दिवशी पोर गेली."

"आईनं नुसतं सांगितलं," मी म्हणालो. "बाटली मी उचलली. मला जास्त कळायला हवं होतं."

"आणि मी बघत उभी राहिले." सुनंदा स्टोव्हकडे तोंड करूनच बोलली. "फळीपर्यंत माझा हात पुरत होता. काढता आली असती. गप्प बसले."

वर्षभर न बोललेलं सगळं एका परक्या बाईसमोर तीन वाक्यांत बोलून झालं. कमलनं मुलाला ओढून मांडीवर घेतलं. ती घाबरली होती.

"मी देईन गोळ्या," ती म्हणाली. "पण सासूबाय माझं ऐकायची नाय. मास्तरांचं तर नायच नाय. बोलेल, शिकलेल्यांना देव नसतो."

"तिला माझ्याकडं धाड," आई म्हणाली. मग लगेच, "नाय. तू कशाला धाडते, ती कशाला येते! मीच येते. आत्ता येते." ती उठली, पदर खोचला, कोपऱ्यातल्या चपला शोधू लागली. वर्षभर ती चाळीच्या बाहेर पडली नव्हती. "देवी माझ्याही घरात येऊन गेली. तुझ्या सासूला मी सांगेन की देवीनं गोळी देऊ नको असं नाय सांगितलं, आमी म्हाताऱ्यांनी सांगितलं. माझं कसं नाय ऐकत बघते. अंगणात पाय घट्ट रोवून बसेन!"

"अवो, त्यांना कुनीतरी धरा, ऊन हाय," कमल म्हणाली.

आई दारापर्यंत गेली आणि थांबली. मागे न बघता म्हणाली, "सुनंदा, तूपण चल. तू बोल तित. त्या दिवशी तुझं बरोबर व्हतं. मी ऐकलं नाय. ती ऐकेल."

सुनंदानं स्टोव्ह बंद केला. हात पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. चपला घातल्या आणि आईचा दंड धरला. मुलगा कडेवर घेऊन कमल पुढे, त्या दोघी मागे, अशा त्या गवतामधल्या पायवाटेनं बेटेगावच्या रस्त्याला लागल्या. आईचं बोलणं लांबपर्यंत ऐकू येत होतं. मधेच सुनंदाचाही आवाज चढला.

तिथे काय झालं ते मला दोघींनी कधी सविस्तर सांगितलं नाही. दिवेलागणीच्या आधी परत आल्या. कमलच्या सासूनं स्वतःच्या हातानं नातवाला गोळी दिली, एवढं कळलं. बाकी काही विचारायची सोय नव्हती. दोघींचेही आवाज पार बसले होते.